रोटी चाखल्याशिवाय

"दादा रे! माझ्या काळजा रे!"

तंबूबाहेर हंबरडा फुटला. किर्गिझांची रीतच तशी. दुखवट्याला येणाऱ्या पुरुषाने लांबूनच रडत यायचं. दाराकडे पाठ करून बसलेल्या जिबेकने आवाज ओळखला. तालाय. वर डोंगरात बर्फ वितळून साचलेल्या तळ्यांची मापं घ्यायला तो एका संस्थेकडून गेल्या उन्हाळ्यात आला होता आणि महिनाभर तिच्याच घरी जेवला होता. त्याची यंत्रं वाहायला तिच्या नवऱ्याने, कुबातने, स्वतःचा घोडा दिला होता.

परवा त्यांतलं थोरलं तळं फुटलं. पुरात कुबात गेला, घोडाही गेला. जिबेकला रडू येत नव्हतं. काहीच होत नव्हतं.

तालाय डोळे पुसत आत येऊन बसला.

"भावजी," भिंतीकडे बघतच ती म्हणाली, "तळं फुटणार हे ठाऊक होतं तुला?"

"आकडे तसंच सांगत होते, वहिनी. पण अहवाल छापून येईपर्यंत बाहेरच्यांना दाखवायचे नाहीत, असा संस्थेचा नियम..."

"बाहेरच्यांना? आणि घोडा कुणाचा होता रे?"

भोवती बसलेल्या बायका वळून बघू लागल्या.

"अन् धाकटं तळं?"

त्याने मान खाली घातली. धाकट्या तळ्याखालच्या गावात जिबेकची लेक दिली होती.

"मी साहेबांशी बोलतो," असं म्हणत तालायने निघण्यासाठी समोर मांडलेल्या रोटीकडे हात नेला. रोटीचा तुकडा तोंडात घातल्याशिवाय इथे कुणी उंबरा ओलांडत नाही, मग तो वैरी का असेना.

जिबेक वळली. तिने रोटी उचलून स्वतःच्या मांडीवर ठेवली.

पाहुण्यापुढची रोटी काढून घेतलेली त्या डोंगरात कुणी पाहिली नव्हती. "अगं बाई, पाप लागेल!" सासू ओरडली.

"लागू दे. भावजी, आकडे असतील ना फोनमध्ये? सगळ्या जगाला दिसतील असे टाक. मग इथे वाच. मग रोटी."

"नोकरी जाईल माझी, वहिनी."

रोटी जिबेकच्या मांडीवरच राहिली. तालायने तिच्याकडे पाहिलं, मग फोन काढला.

"टाकले," शेवटी तो म्हणाला आणि वाचू लागला. "धाकट्या तळ्याचा बांध..."

बाहेर पुन्हा हंबरडे सुरू झाले. धाकट्या तळ्याखालच्या गावची माणसं कुबातच्या दुखवट्याला, रीतीप्रमाणे रडत रडत चढण चढत होती. सगळ्यांत पुढे तिचा जावई.

"त्यांना जरा गप्प करा," जिबेक म्हणाली. "ऐकू येत नाहीये."