कादंबरीतला जावई

माझ्या लेकीच्या अभ्यासाचा विषय रोमँटिक साहित्यातला बंडखोर नायक, म्हणजे जगावर रुसलेला आणि आतल्या आत धुमसणारा. तसाच एक तिला ग्रंथालयात जिवंत सापडला.

"बाबा, तो कधी हसत नाही, कुणाशी धड बोलत नाही. जबडा आवळून तासन्‌तास खिडकीबाहेर बघतो. जेवणसुद्धा दोन घासांत सोडतो. त्याच्या आत काहीतरी ठसठसतंय!"

"उजवीकडे की डावीकडे?" मी विचारलं. तीस वर्षं लोकांचे दात काढतोय, दुसरं काय विचारणार?

रविवारी ती त्याला घरी घेऊन आली. लग्नाचं बोलण्याआधी मी त्याला खाली दवाखान्यात नेलं आणि किडलेली अक्कलदाढ काढून टाकली.

पुढच्या रविवारी तो पुन्हा आला. दोन ताटं जेवला. मग लाह्या फुटाव्यात तसा तीन तास बोलला: स्कूटरचं मायलेज, साहेबांच्या नकला, चादरींवरची सूट. स्वतःच्याच विनोदांवर खदाखदा हसला.

"किती मनमोकळा मुलगा!" बायको एकदम खूश.

लेक माझ्यामागून स्वयंपाकघरात आली आणि हळूच दार लोटून म्हणाली,

"बाबा, ती दाढ परत बसवता येईल का?"