आधी कारसीट
मारकुट्या बापाच्या घरातून बाळाला कारसीटशिवाय, म्हणजे पट्ट्यांनी बांधून बसवायच्या खास आसनाशिवाय, मोटारीने नेणाऱ्या समाजसेविका डार्लीनची बडतर्फी योग्यच होती, हे बालकल्याण खात्याचे वकील कोवालचुकांनी लवादापुढे सिद्ध केले आणि ‘आधी कारसीट, मग बाळ’ हे त्यांचे वाक्य खात्याच्या विनिपेगमधल्या प्रत्येक कार्यालयात झळकले. पुढच्या हिवाळ्यात तशाच एका घरात बाळ दगावले. तिथे गेलेली समाजसेविका ऑड्रा चौकशीसाठी कोवालचुकांसमोर बसली. “बाळ तुमच्या कडेवर होतं ना, बाई? मग निघाला का नाहीत?” “सीट आणणारी गाडी बर्फात अडकली, साहेब. तोवर बापानं येऊन बाळ हिसकावलं. वाक्य तुमचंच ना? काढा मलाही, म्हणजे सुटलात!” शेजारी बसलेले खात्याचे संचालक कोवालचुकांच्या कानाशी लागले, “काढायचं कशाला? हिनं नियम पाळलाय. खात्यावर काहीच येत नाही.” टेबलावर पुराव्यादाखल ती कारसीट होती, तिच्यावरचे प्लास्टिक अजून निघाले नव्हते.