मोठ्या नंबरचा

केशरनं पदराची गाठ सोडली आणि आतली चिमुकली वस्तू रेडिओ-दुरुस्तीवाल्या दत्तप्रसादच्या काउंटरवर आपटली. काळी, हरभऱ्याच्या डाळीएवढी, तीन बारीक पायांची. डोकं जळून फुटलेलं.

"बघ तुझा माल! ह्यो जळला, हत्ती हाकलायचा भोंगा गप बसला, आणि हत्तीनं माझ्या लेकाला राखणीच्या माळ्यासकट खाली वढला. महिना झाला. तू बस फॅन लावून!"

रामनगरचा बाजार भरला होता. रेडिओ घेऊन आलेली दोन माणसं मुकाट्यानं बाजूला सरली. केशरच्या तोंडाची कीर्ती कुंभारवाड्यापासून इथवर पोचलेली. तिची सून रक्षा रिकाम्या कपाळानं उंबऱ्यातच थांबली.

दत्तप्रसादनं भिंग लावून नंबर वाचला.

"अक्का, ह्यो आठवाला हाय. तुमच्या म्हाबळूच्या चिठ्ठीत सहावाला हुता, पाचशे शेचाळीस. मी त्योच ट्रान्झिस्टर काढून तुमच्यापुढं ठेवला हुता. तुम्ही काय म्हणालात, ध्यानात हाय?"

होतं ध्यानात. अक्षर तिला धड येत नव्हतं, पण आकड्यात तिला कोणी फसवावं अशी कुणाची छाती नव्हती. शेजारच्या खणावर तिनं पाचशे अठ्ठेचाळीस वाचलं होतं. 'मोठा असताना धाकटा कशाला देतोस? नांगराला वासरू जुंपत्यात व्हय रे?' सगळं दुकान हसलं होतं. घरी जाईपर्यंत तिची मान ताठ होती.

"ह्यात उलटं असतंय, अक्का. सहावाला पासष्ट व्होल्ट सोसतो, सातवाला पंचेचाळीस, आठवाला तीसच. म्हाबळूनं भोंग्याला दोन बॅटऱ्या जोडल्या हुत्या. भोंगा बंद होताना आतली कॉइल उलटा झटका मारती. आठवाल्यानं एकदा सोसला, दोनदा सोसला…"

"मग दिलास कशाला, मुडद्या?"

"तुमच्या तोंडाला कोण लागणार?" दत्तप्रसाद खाली बघत म्हणाला. "चुकलंच माझं."

केशरनं श्वास घेतला. हार खाणं तिच्या हाडात नव्हतं.

"तू भ्यालास, बरं. माझा लेक न्हाई कुणाला भ्याला. त्यानं आपल्या हातानं बसवला न्हवं? त्यो काय आंधळा हुता? नंबर वाचल्याबिगर बसवंल त्यो?"

"वाचला हुता, आत्ती," उंबऱ्यातून रक्षा म्हणाली.

केशर वळली. लग्न झाल्यापासून चार वर्षांत सुनेनं तिच्या बोलण्यात बोलणं घातलं नव्हतं.

"मला म्हणालं, आईनं आठवाला आणलाय. तिला सांगू नगंस. गावभर सांगत सुटलीया, मोठ्यातला मोठा आणला म्हणून. चार दिस चालंल. पुढच्या बाजाराला मीच जाऊन बदलून आणतो." रक्षा थांबली. "हसत हुतं."

डोक्यावर फॅन फिरत होता. रेडिओवाल्यांपैकी एकानं खाकरल्यासारखं केलं आणि तो बाहेर निघून गेला.

केशरनं काउंटरची कड धरली. शिवी ओठाशी आली, पण ती घालायला समोर कुणी दिसेना. तिकडं कुंभारवाड्यात भात अजून उभं होतं. कळप त्याच रानात होता. आणि नव्या बांधलेल्या माळ्यावर आता ह्या पोरीची पाळी होती.

"सहावाला दे," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही.

दत्तप्रसादनं खणातून काढून समोर ठेवला. तसाच काळा, तसाच अर्धगोल, तसेच तीन पाय. केशरचा हात सवयीनं पुढं गेला, आणि वाटेतच थांबला.

"तू बघ," ती सुनेला म्हणाली.

रक्षानं तो उचलला, दाराच्या उजेडात तिरपा धरला, डोळे बारीक केले.

"पाच. चार. सहा."

केशरनं पदराचं टोक पुढं केलं. पण गाठ बांधली नाही.

"परत वाच," ती म्हणाली. "मोठ्यानं."