तीन भोंगे

गुरुवार, १२ डिसेंबर २०२४. सकाळी सात वाजून चाळीस मिनिटांनी खांडसरी कारखान्याच्या चिमणीला पाठ लावून त्रेसष्ट माणसे बसली होती. त्या चिमणीच्या विटा त्यांच्याच घरच्यांनी भाजल्या होत्या. जागा मात्र संचालकांनी परस्पर विकली होती. पाडकामाला मिळालेली स्थगिती घेऊन वकील नऊपर्यंत निमगाव सावाच्या रस्त्याने पोहोचणार होते. तोवर कोणी उठायचे नाही, असे ठरवणारा रामदास त्यांच्यातच बसला होता.

समोर पोकलेन उभे होते. चिमणीला बांधलेला तारेचा दोर त्याला जोडून तयार होता. मागे पोलिसांची गाडी होती.

"पावणं, इंजिन बंद करा की," प्रयागबाई चालकाला म्हणाली. "डिझेल सासऱ्याचं हाय का?"

लोक हसले. चालकही हसला. सायराबानूने त्याला चहा नेऊन दिला.

"दूध संपलं वाटतं. बघून येतो," म्हणत रामदास उठला आणि फाटकाकडे गेला.

कारखाना बंद पडल्यावरही फाटकावरचा भोंगा गावाने चालू ठेवला होता. तीन तुटक आवाज म्हणजे बिबट्या वस्तीत शिरला. किल्ली रामदासकडे असे.

भोंगा तीनदा वाजला.

"पोरं अंगणात हायती!" सायराबानू ओरडली.

पायात चपला आहेत की नाहीत, हे कोणी पाहिले नाही. उसाच्या बांधाने सगळी माणसे वस्तीकडे धावली.

वस्तीत पोरे उन्हाला बसून चहा-बटर खात होती. कुत्रीसुद्धा निवांत पडली होती. प्रयागबाईने नातीला उचलून छातीशी धरले, तेवढ्यात जमीन हादरली. उसाच्या शेंड्यांवर चिमणी दिसेना. तिथे विटांची लाल धूळ उभी राहिली.

माणसे परतली, तेव्हा रामदास पाडकामाच्या ठेकेदाराच्या जीपमध्ये पुढच्या सीटवर बसला होता. प्रयागबाईने काच बोटांनी वाजवली.

"रामदास, बिबट्या कुठं दिसला रं?"

त्याने काच थोडी खाली केली. "मावशे, लाठ्या पडल्या असत्या. कुणाला तरी लागलं असतं."

"आन् उद्या खरा आला, तर तुझ्या भोंग्याला कोण उठंल?"

काच वर गेली.

पलीकडे बंदोबस्तावरचा अधिकारी फोनवर कळवत होता, "पाडकाम पूर्ण, सर. विरोध झाला नाही. जखमी शून्य."