रंगाचा रकाना

वाल्दिर गोरा आहे, असं विद्यापीठाच्या समितीने लेखी कळवलं तो बुधवार होता.

बुधवारी चार वाजता कायद्याच्या पोरांची घटनेवरची चर्चा असायची. गोल मांडलेल्या खुर्च्या, आणि नियम एकच: दुसऱ्याचं बोलणं संपेपर्यंत मध्ये तोंड घालायचं नाही. वाल्दिर ते पत्र खिशात घालूनच येऊन बसला.

विषयही नेमका तोच निघाला. काळ्यांच्या राखीव जागांवर खरा काळा कोण, हे पाच जणांनी तोंड बघून ठरवायचं, हे घटनेत बसतं का? ओतावियो म्हणाला, कायद्यापुढे सगळे समान, मग रंग मोजायचाच कशाला. ओतावियोचा बाप न्यायाधीश, आजोबाही न्यायाधीश. जुसारा म्हणाली, समिती नव्हती तेव्हा निळ्या डोळ्यांची पोरं स्वतःला काळं म्हणवून आत शिरली, ते तुझ्या समानतेत बसत होतं का? समिती यावी म्हणून दोन वर्षांपूर्वी उन्हात उभं राहून सह्या तिनेच गोळा केल्या होत्या. स्वतः कोळशासारखी काळी, आणि बोलायला लागली की मागच्या रांगेतले मोबाईल खाली ठेवायचे.

तिचं संपल्यावर वाल्दिरने पत्र काढून वाचलं. अर्जदाराने स्वतःला काळा म्हटलंय ते मान्य नाही. महिन्याच्या आत अपील करावं, नाहीतर सीट रद्द आणि खोटी माहिती दिली म्हणून नाव फलकावर.

"म्हणजे आजपासून तू आमच्यातला," ओतावियो म्हणाला. "ये, इकडे बस."

सगळे हसले. वाल्दिरही हसला. जुसारा तेवढी हसली नाही.

बाहेर आल्यावर तिने विचारलं, "समितीपुढे असा टक्कल करून गेलास?"

"आईने केलं. म्हणाली, साहेबलोकांपुढे जायचं तर नीटनेटकं जावं."

त्याची आई इवोने. सात वर्षांचा असल्यापासून ती दर पंधरा दिवसांनी त्याच्या डोक्यावरून मशीन फिरवायची. कातडी बापाची, फिकट. केस मात्र आजीचे, घट्ट, तारेच्या काथ्यासारखे. केस वाढले की दुकानातला राखणदार मागे मागे यायचा, काढले की नाही यायचा. एवढं साधं गणित होतं, आणि समितीला जे बघायचं होतं तेच ती त्या सकाळी न्हाणीघरात झाडून काढून बसली.

अपिलाला दोन गोष्टी हव्या होत्या. नवा फोटो, आणि रंगाच्या रकान्यात 'काळा' लिहिलेला एक तरी सरकारी कागद.

कागद शोधायला वाल्दिर आणि जुसारा आठवडाभर हिंडले. जन्माच्या दाखल्यावर 'गोरा'. नर्सने मेहेरबानी म्हणून लिहिलं होतं, इवोनेने तिला मक्याचा केक नेऊन दिला होता. दवाखान्याच्या कार्डावर गोरा. सैन्यभरतीच्या कागदावरही गोरा. शाळेत रकाना कोराच. ज्याच्या हातात पेन होतं त्याने त्याने वाल्दिरवर उपकार करून ठेवले होते. विद्यापीठात अपिलं घेणाऱ्या खिडकीवरच्या नेउझाबाईंकडे ते चारदा गेले. बाई चारही वेळा म्हणाल्या, कागदाशिवाय घेता येत नाही रे बाळांनो.

फोटोचं तरी हातात होतं. वाल्दिरने केस वाढवले. दुपारी गच्चीवर उघडा बसून ऊन खाल्लं. आई मशीन घेऊन मागे लागली की तो म्हणायचा, सीट पक्की होऊ दे, मग काढ. चौथ्या आठवड्यात डोक्यावर काथ्यासारखे दाट केस उभे राहिले.

"आता दिसतोयस," फोटो काढताना जुसारा म्हणाली.

"कसा?"

"आजीच्या नातवासारखा."

त्या बुधवारी त्याने चर्चेत हिशोब सांगितला: बसमध्ये चार दिवसांत तीन बायकांनी पर्स दुसऱ्या खांद्यावर घेतली. अपील जिंकल्यासारखंच समजा. पोरं हसली. उठताना ओतावियोने अपिलाचा मसुदा मागून घेतला आणि समानतेच्या कलमाचा परिच्छेद नीट लिहून दिला.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी जुसारा एकटीच खिडकीवर आली. पाच वाजायला वीस मिनिटं होती.

"अर्जदार कुठाय?" नेउझाबाईंनी विचारलं.

"येऊ शकत नाही. आईची सही आहे. नातेवाईक चालतो, तुमच्याच नियमात आहे."

बाईंनी नियम काढून बघितला. चालत होता. मग पुटपुटल्या, आजकालची ही पोरं, स्वतःच्या सीटसाठीसुद्धा अंथरुणातून उठवत नाही यांना. जुसाराने फोटो खिडकीतून आत सरकवला.

"आणि कागद?"

"मिळाला. काल."

"बघ, मी म्हणत नव्हते? काय लिहिलंय?"

"काळा. ह्या वेळी कुणी उपकार केले नाहीत."

बाई खूश झाल्या. सरकारनेच काळा म्हटल्यावर समितीची काय बिशाद, म्हणाल्या. चष्मा लावला, नोंदवही ओढली. जुसारा हळूच म्हणाली, "त्याच्या आईला एवढंच हवंय, बाई. पोरगा खोटं बोलला नव्हता, असं कुणीतरी लिहून द्यावं."

"देतील गं. सीटही देतील," बाई म्हणाल्या आणि कागदावरून उतरवून घ्यायला लागल्या. नाव वाल्दिर. वय एकोणीस. रंग काळा. मग पेन थांबलं.

"हा कागद कसला म्हणून लिहू?"

"वर छापलंय."

नेउझाबाईंनी कागद सरळ धरला. 'मृत्यूचा दाखला' ही पहिली ओळ त्यांनी मोठ्याने वाचली. कारणाची ओळ, पोलिसांच्या गोळीची, त्यांच्या तोंडातून निघाली नाही.