नऊ नंबर

आई दह्याची वाटी घेऊन उंबऱ्यात उभी होती. फुटबॉलच्या दर मॅचला रणधीरच्या तोंडात दही घालून ती बजावायची, “समोरचा लंगडतच घरी गेला पायजे!”

बाहेर कॉलेजची पोरं हॉर्न वाजवत ओरडत होती, “रणधीर, आज त्यांच्या नऊ नंबरला आडवा कर!”

नऊ नंबर आत चटईवर नाड्या बांधत होता. सुजय. मावशी गेल्यावर आईनंच वाढवलेला, पण दुसऱ्या कॉलेजात शिकणारा मावसभाऊ. पाडला तर घरात तोंड दाखवायची चोरी, सोडला तर कॉलेजात.

आईनं दोघांना दही भरवलं. बोलली काहीच नाही.

“मावशी, आज शिव्या संपल्या व्हय?” सुजय हसला.

रणधीरनं नडगीवरचे आपले जाड गार्ड सोडून त्याच्या मांडीवर टाकले. “हे बांध. मला हळू खेळाय येत न्हाई.”