सावनेरच्या अकरा जणी

अकरा रकाने लाल होते. बाकीचे एकोणतीस निळे.

मेघा रामटेके संगणकाच्या पडद्यापुढून हलली नव्हती. तक्ता चाळीस बायकांचा होता. प्रत्येकीच्या अंडाशयातल्या गाठीचा हरभऱ्याएवढा तुकडा तिने गेल्या तीन वर्षांत तपासला होता. लाल रकान्यांतल्या अकराही जणी सावनेरच्या होत्या.

शाळेतला वर्ग डोळ्यांपुढे आणा, म्हणजे तिचं काम समजेल. पेशी म्हणजे एक वर्ग. जनुकं म्हणजे त्यातली मुलं. वर्ग कुठलाही असो, मुलं तीच असतात, पण सगळी एकदम बोलत नाहीत. एका वर्गात ही बोलतात, दुसऱ्यात ती. गाठ झाली की भलतीच मुलं तोंड उघडतात. कोण बोलतंय आणि कोण गप्प आहे, ते कान देऊन ऐकायचं, एवढंच मेघाचं काम. सावनेरच्या अकरा जणींच्या गाठींत एक गट फार मोठ्याने बोलत होता. ती पेशीची राखणदार जनुकं. पेशीला त्रास झाला की ती जागी होतात.

त्रास कसला? सावनेरच्या खाणीतल्या कोळशाच्या धुळीचा, असं मेघाला वाटत होतं. हल्ली तिला स्वप्नंही तीच पडत. सावनेरचं कापसाचं शेत. बोंडं एकामागून एक उमलताहेत, आणि आत कापसाच्या जागी लाल उजेड. बोंडं काहीतरी म्हणत. ती वाकून ऐकू लागे आणि नेमकी तेव्हाच जाग येई.

उद्या दिल्लीच्या सभेत ती हे सगळं मांडणार होती. तिथे होकार मिळाला की सावनेरच्या बायकांवर एका वेगळ्या, जालीम औषधाची चाचणी सुरू होणार होती.

भाषणासाठी एकच फोटो कमी होता. ऑपरेशन थिएटरमधून तुकडा प्रयोगशाळेत येतो, त्या वाटेचा. तुकडा बाहेर निघाला तरी त्यातल्या पेशी काही वेळ जिवंत असतात, म्हणून तो पाच मिनिटांत गोठवायचा, असा नियम होता. सोबतच्या चिठ्ठीवर कायम ‘पाच मिनिटे’ लिहिलेलं असे. दुपारी बाराला मेघा प्रयोगशाळेतून खाली, धंतोलीतल्या त्या इस्पितळाच्या आवारात उतरली.

धोंडबा तुकड्याचा स्टीलचा डबा घेऊन पायऱ्या उतरत होता. वीस वर्षं तो तिथे अटेंडंट होता. निंबाखाली नातेवाईक बसले होते. तो त्यांच्यापाशी थांबला आणि डबा त्याने कट्ट्यावर ठेवला.

‘कुठचे गा तुमी?’

‘सावनेरचे,’ एक तरणा माणूस धडपडत उठला. त्याचं नाव गोविंदा. आत त्याची आई होती, भागीरथाबाई.

‘मी बी तिकडचाच. बस, बस. गाठ निघाली तुह्या मायची. आता टाके घालून राहिले.’

‘जित्ती हाये ना?’

‘अरे, आत जाताजाता मले म्हणे, पोरानं काही खाल्लं का पाहा. अशी बाई मरते का?’

गोविंदा हसला, आणि हसता हसता रडायला लागला. धोंडबा त्याच्या बाजूला टेकला. शुद्ध कधी येईल, पाणी कधी द्यायचं, रात्री जवळ कोणी बसायचं, सगळं त्याने सावकाश सांगितलं. मग पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

‘काकाजी, तुमचं जेवण थंडं होऊन राहिलं,’ गोविंदा डोळे पुसत डब्याकडे पाहून म्हणाला.

‘हे थंडंच बरं राहते गा.’

फोटोसाठी उचललेला फोन मेघाच्या हातात तसाच राहिला. निंबाची सावली बोट बोट सरकत होती. आधी डब्याच्या कडीवरून, मग झाकणावरून. डबा उन्हात चमकू लागला. बावीस मिनिटं झाली.

तिने जाऊन डब्याला हात लावला. कोमट होता. स्वप्नातली बोंडं काय म्हणत होती, ते तिला आता भर दुपारी ऐकू आलं. ऊन लागतंय. एवढंच म्हणत होती ती.

‘सावलीतच ठेवला होता, मॅडम,’ धोंडबा दचकून उठला. ‘ऊन सरकलं.’

‘काका, तुम्ही रोज असे थांबता?’

‘रोज नाही जी. आपल्या गावचे असले तं. त्यायले कोणी काही सांगतच नाही. बाकीच्यायले मी काय सांगू? मले कोन ओयखते?’

डबा छातीशी धरून तो प्रयोगशाळेकडे जवळजवळ पळतच गेला.

मेघा कट्ट्यावर बसली. कोळशाच्या धुळीचा यात काही संबंध नव्हता. तीन वर्षं ती एका माणसाचं थांबणं मोजत आली होती. तिने दिल्लीला निरोप लिहिला, ‘माझं उद्याचं भाषण रद्द करा. निष्कर्ष चुकला आहे.’ तिने निरोप पाठवला.

मग तिने मान वर केली. निंबाखाली उमरेडचे, काटोलचे, गोंदियाचे लोक दाराकडे डोळे लावून बसले होते. तिला आपले एकोणतीस निळे रकाने आठवले. ते तुकडे नियमाप्रमाणे पाच मिनिटांत पोचले होते, कारण त्यांच्या माणसांपाशी वाटेत कुणी थांबलंच नव्हतं.

कडेला एक म्हातारी मांडीवरची पिशवी दोन्ही हातांनी घट्ट धरून बसली होती. मेघा तिच्या शेजारी जमिनीवर टेकली.

‘आजी,’ तिने विचारलं, ‘तुम्ही कुठच्या?’